आय५-८२५०यूचा वेग १.६ गिगाहर्ट्झच का? जुना लॅपटॉप घेताना प्रोसेसरचे आकडे कसे वाचायचे

बार्शीच्या एका सभासदांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बहिणीला टॅली, जीएसटीचं काम, एक्सेलच्या मोठ्या फाइल्स आणि यूट्यूबवरची लेक्चर्स यासाठी वापरलेला लॅपटॉप घ्यायचाय. दुकानात तीन मशीन बघितली. तिन्हींत ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी, किमतीत फरक हजार-दीड हजाराचा. पहिल्यात आय५-७२००यू, त्यावर लिहिलंय २.५ गिगाहर्ट्झ. दुसऱ्यात आय५-८२५०यू, त्यावर १.६. तिसऱ्यात आय७-७५००यू, त्यावर २.७. दुकानदार म्हणतो, "१.६ वाला स्लो आहे, डोळे झाकून आय७ घ्या." यांचं म्हणणं, नवीन पिढीचा प्रोसेसर जुन्यापेक्षा हळू असेलच कसा?

आधी उत्तर सांगून टाकतो, मग कारणं. तिन्ही मशीन सारख्या अवस्थेत असतील तर ८२५०यू घ्या. पण "सारख्या अवस्थेत असतील तर" ही अट बारीक अक्षरातली नाही, सगळा खेळ तिथेच आहे. माझं रोजचं काम जुने लॅपटॉप उघडायचे, साफ करायचे, चालवून बघायचे आणि गॅरंटी देऊन विकायचे हे आहे. त्यामुळे कागदावर बरोबर असलेला प्रोसेसर चुकीच्या खोक्यात कसा वागतो हे रोज समोर असतं.

मुळात तुमचा प्रश्न कुठला प्रोसेसर चांगला हा नाहीच. १.६ हा आकडा नेमकं काय सांगतो, हा खरा प्रश्न आहे. तो या प्रोसेसरचा कमाल वेग नाही, सरासरी वेगही नाही. इंटेलच्या हिशेबाने तो मूळ वेग आहे, म्हणजे बेस फ्रिक्वेन्सी. सगळे कोअर, म्हणजे प्रोसेसरच्या आतले काम करणारे भाग, जड कामाला लागलेले असताना, ठरलेल्या वॅटच्या मर्यादेत राहून जो वेग मिळणारच, तो. ती मर्यादा म्हणजे टीडीपी आणि तुमच्या तिन्ही प्रोसेसरांना ती १५ वॅटच आहे. नावाच्या शेवटी जो यू आहे तो याच गटाची खूण.

आता आकडे शेजारी ठेवू. ७२००यू ऑगस्ट २०१६चा. दोन कोअर, चार थ्रेड (एका वेळी चालू शकणाऱ्या कामांच्या रांगा), मूळ वेग २.५, टर्बो (थोड्या वेळापुरता गाठता येणारा कमाल वेग) ३.१, कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी, जलद मेमरी) ३ एमबी. ७५००यू त्याच वेळचा, त्याच घराण्यातला. त्यातही दोनच कोअर आणि चार थ्रेड, वेग २.७ ते ३.५, कॅश ४ एमबी. ८२५०यू बरोबर एका वर्षाने, ऑगस्ट २०१७मध्ये आला. चार कोअर, आठ थ्रेड, वेग १.६ ते ३.४, कॅश ६ एमबी. तिघेही १४ नॅनोमीटरचेच. महत्त्वाची गोष्ट अशी की ८२५०यूचा एकेक कोअर रचनेने ७२००यूच्या कोअरसारखाच आहे. एका गिगाहर्ट्झमागे काम जवळपास तेवढंच होतं. बदल केला तो दोनाचे चार कोअर करण्याचा, आणि वॅटची मर्यादा तिथेच ठेवण्याचा.

म्हणूनच १.६. दोन कोअर १५ वॅटमध्ये २.५ने चालत होते, तिथे आता चार बसवायचे आहेत, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला वीज निम्मी. मग वेगही निम्मा, १.२५ व्हायला हवा होता ना? तो झाला नाही, कारण वीज वेगाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि वीज जाते व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. उलट दिशेने हेच फायद्याचं ठरतं. वेग थोडा खाली आणला की व्होल्टेज उतरतं आणि वीज भराभर कमी होते. दोन कोअर दामटून पळवण्यापेक्षा चार कोअर निवांत चालवले तर तेवढ्याच वॅटमध्ये काम जास्त निघतं. दोन गुणिले २.५ म्हणजे ५ आणि चार गुणिले १.६ म्हणजे ६.४, असा ढोबळ हिशेब केला तरी कमी वेगवाला पुढे आहे. प्रत्यक्षात तो याहून बराच पुढे असतो.

टेबलावर काय दिसतं ते सांगतो. ८२५०यूचं स्वच्छ मशीन जड कामाला लावलं की सुरुवातीचे काही सेकंद चारही कोअर ३ गिगाहर्ट्झच्या वर असतात. मग ते हळूच उतरतात आणि १५ वॅटवर साधारण २.२ ते २.५च्या मध्ये स्थिरावतात. १.६वर उतरलेला मला क्वचितच दिसतो. दिसलाच तर एक तर कामच अगदी जड जातीचं असतं, किंवा आतलं ग्राफिक्सही त्याच १५ वॅटमधून वाटा खात असतं, किंवा कूलिंगची वाट लागलेली असते.

ते सुरुवातीचे सेकंद कुठून येतात हेही बघा, कारण स्पेसिफिकेशनच्या पानावर हे ठळकपणे लिहिलेलं नसतं. प्रोसेसरला दोन मर्यादा असतात, पीएल१ आणि पीएल२. पीएल१ ही दीर्घकाळाची मर्यादा, बहुधा टीडीपीएवढीच, म्हणजे १५ वॅट. पीएल२ ही थोड्या वेळाची. ८२५०यूच्या काही लॅपटॉपमध्ये ती ४४ वॅटपर्यंत नेलेली असते. प्रोसेसर आपल्या खर्चाची चालती सरासरी धरत राहतो. सरासरी पीएल१च्या खाली आहे तोवर पीएल२पर्यंत उधळायची मुभा, सरासरी टेकली की गुमान १५वर. हा काळ ठरवणारा आकडा बऱ्याच लॅपटॉपमध्ये २८ सेकंदांचा असतो. एखादं पान उघडणं, फाइल सेव्ह करणं, फिल्टर लावणं ही कामं त्या २८ सेकंदांच्या आतच संपतात. थोडक्यात, रोजच्या वापरात बहीण बहुतेक वेळ टर्बोमध्येच असणार आहे आणि १.६शी तिची गाठही पडणार नाही.

आणखी एक गंमत. या लॅपटॉपवर सिस्टिमची माहिती उघडली तर प्रोसेसरच्या नावापुढे १.६० आणि त्याच्या पुढे १.८० असे दोन वेग दिसतात. ७२००यूवर २.५० आणि २.७१. गिऱ्हाईक विचारतं, ओव्हरक्लॉक केलाय का, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवलाय का? नाही. हाच प्रोसेसर लॅपटॉप बनवणाऱ्याला १०, १५ किंवा २५ वॅटच्या मांडणीत बसवता येतो. १० वॅटला मूळ वेग ०.८, १५ला १.६, २५ला १.८. ७२००यूलाही तशीच सोय आहे, २५ वॅटला २.७. दुसरा आकडा त्या वरच्या मांडणीचा. पण १.८० दिसलं म्हणून मशीन सतत २५ वॅट पेलतंच असं समजू नका. ते चालवून बघितल्याशिवाय कळत नाही.

आता दुकानदाराची बाजू, कारण तो अगदीच खोटं बोलत नाही. एकच थ्रेड वापरणाऱ्या कामात ७५००यूचा ३.५ हा ८२५०यूच्या ३.४च्या केसभर पुढे आहे. एक्सेलमधले मॅक्रो, म्हणजे तीच तीच कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्रॅम, हे असं काम आहे, ते एकाच थ्रेडवर चालतात. बहिणीचं निम्मं काम जर कुणीतरी लिहून दिलेल्या मॅक्रोंवर चालत असेल तर तिला फरक कळणार नाही, कळलाच तर आय७च्या बाजूने. पण एक्सेलमधल्या सूत्रांची फेरमोजणी २००७च्या आवृत्तीपासून अनेक थ्रेडवर होते. चाळीस-पन्नास हजार ओळींवर व्हीलुकअप लावून ठेवलेत, शेजारी ब्राउझरमध्ये जीएसटीचं पोर्टल उघडं, मागे अँटिव्हायरस आपलं स्कॅन करतोय, अशा वेळी दोन जास्तीचे कोअर काय करतात ते माउस हलवूनच समजतं. टॅलीतली रोजची व्हाउचर एंट्री मात्र तिघांपैकी कुणालाही घाम फोडत नाही. तेवढंच काम असेल तर प्रोसेसरचा विचार सोडा आणि चांगला कीबोर्ड, चांगली स्क्रीन आणि धड बॅटरी असलेलं मशीन उचला.

आय७ या नावाचा दबदबा काढून टाका. मॉडेल नंबरातला पहिला आकडा म्हणजे पिढी, ७२००यू सातवीचा, ८२५०यू आठवीचा. यू गटात सातव्या पिढीपर्यंतचे आय५ आणि आय७ दोन्ही दोन कोअरचेच. आठव्या पिढीचा आय५ त्या आय७ला सलग कामात सहज मागे टाकतो. पण म्हणून आठ हा आकडा बघून भुलायचंही नाही. आय३-८१३०यू आठव्या पिढीचाच आहे, कोअर दोनच. आय५-८२००वाय नावाचाही एक आहे, शेवटी यू नाही, वाय. तो ५ वॅटचा, दोन कोअरचा, बिनपंख्याच्या पातळ लॅपटॉपसाठी केलेला. त्याचा टर्बो कागदावर ३.९ आहे, म्हणजे ८२५०यूपेक्षा जास्त! पाच वॅटमध्ये तो ३.९ किती वेळ टिकणार याचा अंदाज आता तुम्हालाच करता येईल. सातव्या पिढीतला आय५-७वाय५४ त्याच जातीचा, ४.५ वॅटचा. त्याच्या नावात वाय मधेच लपलेला असल्यामुळे पटकन लक्षात येत नाही. जाहिरातीत नुसतं "आय५ आठवी जनरेशन" लिहिलं असेल तर पूर्ण मॉडेल नंबर मागून घ्या. देत नसेल तर पुढच्या दुकानात जा.

वेगापलीकडचं एक कारण आहे आणि ते माझ्या मते वेगाहून मोठं आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरगुती वापरासाठी नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षा अपडेट मिळण्याची सोय मायक्रोसॉफ्टने ठेवली, पण ती वर्षापुरती. विंडोज ११च्या अधिकृत यादीत ८२५०यू आहे. ७२००यू आणि ७५००यू नाहीत. बाजारात या दोन्हींवर विंडोज ११ टाकून विकणारे पुष्कळ आहेत. तपासणी चुकवून ते टाकता येतं, चालतंही. पण मायक्रोसॉफ्ट अशा मशीनला अपडेटची हमी देत नाही. ज्या लॅपटॉपवरून लोकांची विवरणपत्रं भरायची आहेत, ओटीपी घ्यायचे आहेत, डिजिटल सही लावायची आहे, तिथे मी स्वतः तरी असा जुगाड करणार नाही.

रॅमचं पटकन उरकतो. या प्रोसेसरला मेमरीचे दोन चॅनल आहेत. ८ जीबीची एकच पट्टी लावली असेल तर एकच चॅनल चालू राहतो आणि डीडीआर४-२४००चा सैद्धांतिक वेग ३८.४ जीबी प्रति सेकंदावरून १९.२वर येतो. टॅलीला त्याचं काही नाही. ग्राफिक्सला मात्र आहे, कारण आतल्या यूएचडी ६२०ची स्वतःची मेमरी नसते, तो याच रॅममधून घेतो. दुसरा स्लॉट मोकळा असेल तर आणखी एक ८ची पट्टी टाकून घ्या, हजारभराचा फरक त्यात घालवलेला बरा. प्रोसेसर मात्र नंतर बदलता येणार नाही. तो बोर्डाला डाक लावून बसवलेला असतो, सॉकेट नसतो. "पुढे आय७ टाकून देऊ" असं कुणी सांगितलं तर हसून निघून या.

यूट्यूबबद्दल. व्हिडिओ दाबून लहान करायच्या वेगवेगळ्या पद्धती असतात, एचईव्हीसी, व्हीपी९ आणि एव्ही१ ही त्यांची नावं. एचईव्हीसीच्या १० बिटपर्यंतचे आणि व्हीपी९ प्रकारचे व्हिडिओ उलगडण्याची सोय सातव्या पिढीपासून ग्राफिक्समध्येच आहे, त्यामुळे तिथे तिघे सारखे. एव्ही१ प्रकारासाठी ती सोय इंटेलच्या अकराव्या पिढीत आली. यूट्यूबने एव्ही१ पाठवला की तो भार या तिघांच्या कोअरवर येतो आणि पंखा सुरू होतो. लेक्चर ७२०पीवर बघत असाल तर काळजी नको. पंखा फारच त्रास देऊ लागला तर यूट्यूबच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये एव्ही१चा पर्याय दिसतो का ते बघा.

आता "सारख्या अवस्थेत असतील तर" या सुरुवातीच्या अटीकडे येऊ. तोच ८२५०यू एका लॅपटॉपमध्ये छान चालतो आणि दुसऱ्यात रडतो, हे रोजचं आहे. कुणी जाड हीटसिंक दिलेला असतो, कुणी एक बारीक तांब्याची नळी देऊन भागवलेलं असतं. त्यात ही मशीन बहुतेक कंपन्यांच्या ऑफिसातून लीज संपल्यावर आलेली असतात, वर्षानुवर्षं न उघडलेली. खालचं झाकण काढून पंखा उचलला की पंखा आणि हीटसिंकच्या पात्यांच्या मधल्या फटीत धुळीची नमद्यासारखी पट्टी बसलेली दिसते. चिमट्याने धरली तर अखंड निघते. बाहेरून फुंकर मारली, ब्लोअर लावला तरी ती हलत नाही, कारण ती आतल्या बाजूला असते. हीटसिंक उचलला की हिरव्या पट्टीवर शेजारी-शेजारी दोन चकचकीत चौकोन दिसतात. मोठा प्रोसेसर, लहान चिपसेट. मोठ्यावरची पेस्ट सुकून खडूसारखी झालेली असते, कापडाने पुसली तर भुगा पडतो. नवी पेस्ट लावून, धूळ काढून तेच मशीन परत चालवलं की वेग सावरतो. प्रोसेसर तोच, अर्ध्या तासाचं काम.

म्हणून दुकानात पैसे देण्याआधी वीस मिनिटं मागून घ्या. पेनड्राइव्हवर एचडब्ल्यूइन्फोची (वेग, तापमान, वॅट दाखवणारा प्रोग्रॅम) इन्स्टॉल न करता चालणारी आवृत्ती आणि सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरला जड कामाला लावून बघणारी चाचणी) घेऊन जा. लॅपटॉप चार्जरवर लावा आणि सिनेबेंचची मल्टी-कोअर चाचणी चालवा. ती मुळातच १० मिनिटं सलग चालते, आपल्याला तेच हवंय. शेजारी एचडब्ल्यूइन्फोत तीन गोष्टी बघा: सीपीयू पॅकेज पॉवर किती वॅट, कोअरचा वेग किती, आणि तापमान किती. पहिल्या अर्ध्या मिनिटाचे आकडे सोडून द्या, पाच मिनिटांनंतरचे घ्या. १५ वॅटच्या आसपास, २.२च्या वर आणि तापमान ऐंशीच्या आतबाहेर असेल तर मशीन ठणठणीत. वॅट १०वर पडलेत, वेग २च्या खाली आणि तापमान नव्वदच्या पुढे, असं असेल तर कूलिंग गेलंय. इंटेलने या चिपची मर्यादा १०० अंश ठेवली आहे. तिथे पोचला की तो स्वतःहून वेग उतरवतो, जळत नाही. त्यामुळे तापमान जास्त दिसलं म्हणून सौदा मोडू नका. दुकानदाराला पेस्ट आणि सफाई करून द्यायला सांगा आणि दुसऱ्या दिवशी परत तीच चाचणी घ्या. त्याच पडद्यावर "पॉवर लिमिट एक्सिडेड"पुढे होय दिसेल, त्याला घाबरू नका, १५ वॅटची मर्यादा लागू झाली एवढाच त्याचा अर्थ. "थर्मल थ्रॉटलिंग"पुढे होय असेल तर मात्र विचारा.

व्होल्टेज कमी करून प्रोसेसर थंड ठेवायची युक्ती तुम्ही वाचली असेल. ती चांगली होती. पण डिसेंबर २०१९मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेतली फट जाहीर झाली आणि त्यानंतरच्या बायोस (लॅपटॉप सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) अपडेटमध्ये बऱ्याच कंपन्यांनी ती वाटच बंद केली. ती उघडण्यासाठी जुना बायोस टाकत बसू नका, हिशेबाच्या मशीनवर तर अजिबात नको.

राहता राहिला चार्जर. जुन्या लॅपटॉपसोबत दुकानदार अनेकदा लोकल अडॅप्टर देतात. काही लॅपटॉप अडॅप्टरकडून त्याची ओळख विचारतात. ती पटली नाही तर बॅटरी चार्ज करत नाहीत आणि प्रोसेसरला एका गिगाहर्ट्झच्याही खाली, ०.४ ते ०.८वर बांधून ठेवतात. गिऱ्हाईक घरी जाऊन म्हणतं, मशीन बैलगाडी झालं. वर सांगितलेल्या चाचणीत वेग असा एका जागी खिळलेला आणि तापमान मात्र थंडगार दिसलं, तर आधी अडॅप्टर बदलून बघा. त्यावरचे आकडे लॅपटॉपच्या तळाच्या लेबलशी जुळवा. १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर म्हणजे ६५ वॅट, या वर्गाला तेवढा पुरतो.

चाचणी केलीत की पाचव्या मिनिटाचे तीन आकडे आणि लॅपटॉपचा पूर्ण मॉडेल नंबर इथे टाका. तिन्ही मशीनचे टाकलेत तर आणखी बरं, त्यावरून नक्की कुठलं उचलायचं ते सांगतो.